ट्रेडवेअर २००: रस्त्याचा टायर आणि ट्रॅकचा टायर यांच्यामधली रेघ

टायरच्या बाजूवर, मापाच्या ठळक आकड्यांपासून जरा दूर, बारीक अक्षरांत ‘ट्रेडवेअर ३००, ट्रॅक्शन एए, टेंपरेचर ए’ असं काहीतरी उठवलेलं असतं. टायर बदलायला येणारे बहुतेक लोक ते वाचत नाहीत. ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला, जाणारा माणूस मात्र आधी तेच शोधतो, कारण ट्रेडवेअरच्या, म्हणजे नक्षीच्या झिजेच्या, ४०, १००, १८०, २००, ३०० या आकड्यांवरून टायर ट्रॅकचा की रस्त्याचा हे कळतं, असा समज पक्का झालेला आहे. प्रत्यक्षात हा आकडा पकडीबद्दल काहीच सांगत नाही. टायर किती किलोमीटर चालेल, या काटकसरी प्रश्नासाठी तो जन्मला आणि पुढे शर्यतींच्या नियमपुस्तकात जाऊन बसला. वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरांची तुलना करताना होणारा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी ‘उन्हाळी’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे दुकानात कुणी ‘समर टायर’ मागत नाही, कारण दुसरा प्रकार ठेवलेलाच नसतो. युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत मात्र हिवाळी आणि उन्हाळी असे दोन संच बाळगावे लागतात. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होत जातं. शून्याखाली ७ अंशांपर्यंत पारा उतरला, तर अशा टायरांवर गाडी हलवूच नये, असं काही उत्पादकच बजावतात, कारण नक्षीच्या ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात. टायर खराब असल्याची ही खूण नव्हे. उन्हात आणि वेगात धरणारं रबर थंडीत असंच वागतं.

त्या रबराला काम करता यावं म्हणून आधी टायरचा सांगाडा बदलावा लागला. जुन्या बायस-प्लाय टायरात दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके टाकलेले असत. बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारी नक्षी एकाच विणीत बांधलेली, त्यामुळे वळणावर भिंत वाकली की नक्षीचा पट्टाही वाकडा होऊन एका कडेनं उचलला जाई. मिशलॅंनं १९४६ मध्ये रेडियल रचनेचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये ‘एक्स’ हा टायर बाजारात आणला. त्यात भिंतीतले दोरे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे, आणि नक्षीखाली पोलादी तारांचा वेगळा पट्टा. भिंत वाकली तरी पट्टा रस्त्यावर सपाट राहतो.

सुरुवातीचे रेडियल उंच भिंतीचे आणि अरुंद होते. बुटक्या, रुंद टायराचा रस्ता मोकळा केला तो पिरेलीच्या ‘पी७’नं. लान्सिया स्ट्रॅटोस या रॅली गाडीसाठी १९७४च्या सुमाराला तो तयार झाला आणि दशकाच्या उत्तरार्धात पोर्श ९११ टर्बोवर आला. भिंतीची उंची रुंदीच्या निम्मी. खरी करामत आत होती. वेग वाढला की पोलादी पट्टा केंद्रोत्सारी बलानं बाहेर फुगू पाहतो. त्याच्यावर शून्य अंशात, म्हणजे परिघाच्या दिशेनं, नायलॉनची पट्टी गुंडाळली की तो आवळलेला राहतो. आजच्या बहुतेक परफॉर्मन्स टायरांत ही पट्टी असते. काही महागड्या टायरांत नायलॉनच्या जोडीला अरामिड हा ताठ धागाही वापरतात. १९८४च्या कॉर्व्हेटवर आलेला गुडइयरचा २५५/५० मापाचा ‘ईगल व्हीआर५०’ हा याच वाटेवरचा. त्याच्या एकाच दिशेच्या खाचांमागे फॉर्म्युला वनच्या पावसाळी टायरांचा अनुभव होता.

रबराचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. रबर रस्त्याला धरतं ते दोन कारणांनी: डांबराच्या बारीक कणांशी ते रेणूंच्या पातळीवर चिकटतं, आणि खडबडीत टोकांभोवती दबून परत फुलताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतं. म्हणजे पकडीचा मोठा भाग हा ऊर्जेचा तोटाच. पण सरळ रस्त्यावर नुसतं गडगडतानाही रबर दबतं आणि ऊर्जा गमावतं, ते इंधनाला मारक. दोन्हींत फरक आहे तो वेगाचा. ताशी १०० किमीला चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेतं, म्हणजे नक्षीचा एक ठोकळा तितक्याच वेळा दबतो. घसरत्या रबराखाली मात्र डांबराची सूक्ष्म टोकं सेकंदाला हजारो ते लाखो वेळा ठोके देतात. मंद ठोक्यांना कमी आणि जलद ठोक्यांना जास्त ऊर्जा गमावणारं रबर मिळालं, तर दोन्ही साधतात.

नुसत्या कार्बन ब्लॅकनं, म्हणजे काजळीनं, हे नीट जमत नव्हतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशलॅंनं बारीक सिलिका आणि तिला रबराशी बांधणारं सिलेन यांचं मिश्रण मोटारीच्या टायरात रुळवलं. सिलिका स्वभावानं पाण्याची मैत्रीण, रबराशी तिचं जमत नाही. सिलेनचं एक टोक सिलिकाला धरतं, दुसरं गंधकाच्या दुव्यानं रबराला. मिश्रण करताना तापमान दीडशे अंशांच्या आसपास नेमकं सांभाळावं लागतं. कमी पडलं तर जोड होत नाही, जास्त झालं तर रबर मिक्सरमध्येच आळायला लागतं. रस्त्याच्या उन्हाळी टायरांची ओल्या डांबरावरची पकड इतकी सुधारली, त्यात सिलिकाचा वाटा मोठा आहे.

आता त्या आकड्याकडे येऊ. अमेरिकेच्या १९६६च्या वाहन सुरक्षा कायद्यानं टायरांसाठी एकसारखी दर्जापद्धत ठरवायला सांगितलं होतं. रेडियल टायरांना ती प्रत्यक्ष लागू व्हायला १९८० उजाडलं. ट्रेडवेअरचे निकाल भरवशाचे नाहीत म्हणून सरकारी खात्यानं १९८३ मध्ये तेवढा भाग स्थगित केला, पण ग्राहक संघटना न्यायालयात गेली आणि १९८४ मध्ये ही स्थगिती रद्द झाली. म्हणजे या आकड्याच्या विश्वासार्हतेवर शंका पहिल्यापासूनच होती.

चाचणी अशी. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ ४०० मैलांची, म्हणजे सुमारे ६४० किमीची, सार्वजनिक रस्त्यांवरची फेरी आहे. गाड्यांचा ताफा त्यावर एकूण ७,२०० मैल चालतो. पहिले ८०० मैल टायर रुळवण्याचे, पुढच्या प्रत्येक ८०० मैलांनंतर नक्षीची खोली मोजतात. त्याच ताफ्यात धावणाऱ्या प्रमाण टायराशी झिजेची तुलना करून आकडा काढतात. १०० हा पाया, २०० म्हणजे त्याच्या दुप्पट टिकणारा. चाचणी उत्पादक स्वतः करतो किंवा करवून घेतो, आणि निकालापेक्षा कमी आकडा छापायला त्याला मुभा आहे. शेजारचा ‘ट्रॅक्शन एए’ हा दर्जा ताशी ४० मैलांना, ओल्या रस्त्यावर, सरळ रेषेत, जाम केलेल्या चाकावर मोजलेला असतो. वळणाचा त्यात संबंधच नाही.

टेक्सासच्या त्या सौम्य प्रवासात नक्षी फारशी तापत नाही. ९० अंशांना ट्रॅकवर भुगा होऊन उडणारं रबर तिथे निवांत चालतं आणि सन्मानानं २०० मिळवतं. पळवाट हीच.

शर्यतवाल्यांना आकड्याची गरज का पडली? १९८०च्या दशकात अमेरिकेत शोरूममधल्या गाड्यांच्या शर्यती वाढल्या आणि नियम होता की टायर रस्त्यावर चालवण्याजोगा, बाजूवर ‘डॉट’ (अमेरिकी परिवहन खातं) हा शिक्का असलेला हवा. हा शिक्का म्हणजे टायर सुरक्षा मानकं पाळतो, अशी उत्पादकानं स्वतः दिलेली ग्वाही. तेवढ्या अटीत बसणारे, पण मनानं शर्यतीचेच टायर लगेच निघाले. बीएफ गुडरिचचा ‘आर१’, योकोहामाचा ‘ए००८आर’ त्या पिढीतले. आज त्या टोकाला हूझियरचा ‘आर७’ आहे: ट्रेडवेअर ४०, नव्यातच नक्षी जेमतेम ३ मिमी. पावसात तो चालवणं म्हणजे आत्मघात. तोयोचा ‘आर८८८आर’ १०० वर आहे.

हे टायर काही सत्रांतच संपत. खर्च आवरावा म्हणून आयोजकांनी ट्रेडवेअरला हात घातला. जुन्या स्वस्त गाड्यांच्या ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’नं किमान १९० ठरवलं. एससीसीए या अमेरिकी क्लबनं ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या मैदानात शंकू मांडून एकेका गाडीची वेळ मोजण्याच्या स्पर्धेच्या) रस्त्याच्या टायरांच्या गटांत २०१०च्या दशकात ही मर्यादा १४० वरून २०० वर नेली. हेतू चांगला होता, पण उत्पादकांनी नेमका २००चा छाप मारून टायर मऊ करायला घेतले. ब्रिजस्टोनचा ‘आरई-७१आर’, बीएफ गुडरिचचा ‘रायव्हल एस’, मग योकोहामाचा ‘ए०५२’. मिशलॅंचा ‘पायलट स्पोर्ट कप २’ छापलेल्या १८०मुळे या गटांत बसतच नाही, आणि ‘ए०५२’सारखा झपाट्यानं झिजणारा टायर २००च्या दाखल्यावर आत येतो. हँकूकचा ‘आरएस४’ही २००चाच, पण तो तास न् तास चालणाऱ्या शर्यतींसाठी पसंत केला जातो. एकाच आकड्याखाली इतके वेगळे टायर.

म्हणून तुलना करताना आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: नव्या नक्षीची खोली, खाचांचं प्रमाण आणि टायर कोणत्या तापमानाला जागा होतो. ‘पायलट स्पोर्ट ४ एस’ २०१७ मध्ये आला. नक्षी साडेसात मिमीच्या आसपास, थंड डांबरावरही पहिल्या वळणापासून धरतो, पावसात निर्धास्त. पण ट्रॅकवर सलग दहा-पंधरा मिनिटं जोरात चालवला की उंच ठोकळे वळवळतात, त्यांच्या पोटात उष्णता साठते आणि स्टीअरिंग साबण लावल्यासारखं होतं. ‘कप २’ची नक्षी त्याहून उथळ आणि बाहेरच्या बाजूला खाचा मोजक्या. २०१३ मध्ये पोर्श ९१८नं न्यूरबर्गरिंगला ६ मिनिटं ५७ सेकंद नोंदवली ती याच टायरांवर. कोरड्यात तो जास्त वेळ टिकतो, मात्र थंड असताना पहिले दोन-तीन किलोमीटर सांभाळून, आणि साचलेल्या पाण्यात वेग बराच कमी. जुने शर्यतवाले याच कारणानं नव्या टायराची नक्षी यंत्रावर तासून निम्मी करून घेत: ठोकळा बुटका, वळवळ कमी, उष्णता कमी.

हवेचं गणित बहुतेकांचं इथे चुकतं. २५ अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर ट्रॅकवर आतून ७० अंशांना पोचला की सुमारे ३९ दाखवतो. गरम असताना ३४ हवे असतील तर थंड टायरात साधारण २७.५ पासून सुरुवात करावी लागते. हवेत ओल असेल तर दाब आणखी चढतो. दाब जास्त राहिला की मधला भाग उठतो आणि दोन्ही खांदे, म्हणजे नक्षीच्या कडा, हलके पडतात. कमी राहिला की भिंत लोळते आणि बाहेरचा खांदा भिंतीपर्यंत घासतो. सत्र संपताच सुईचा तापमापक दोन-तीन मिमी आत टोचून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड मोजावी. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंश गरम असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल (वरचं टोक आत कललं की उणे), जवळपास बरोबर. बाहेरची गरम असेल तर कॅम्बर कमी आहे: शोरूमच्या उणे १ अंशावर ट्रॅक मारणाऱ्यांचे पुढचे खांदे दोन दिवसांत जातात, उणे अडीच-तीनला ते वाचतात. इन्फ्रारेड बंदूक फक्त वरची साल मोजते आणि साल पिट लेनमध्येच निवते.

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला हा निर्णय जरा जड जातो. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाई, कोइंबतूरचा करी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध, तिन्ही ट्रॅक हजार किलोमीटरपलीकडे. ट्रेलर नसेल तर जाणं-येणं त्याच टायरांवर, कधी घाटातल्या पावसात. अशा वेळी ३००चा खोल नक्षीचा टायर घेऊन सत्रं आठ-दहा मिनिटांची ठेवणं, हे कप २वर भिजत येण्यापेक्षा शहाणपणाचं. शिवाय जून २०२० पासून नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत आहे, त्यामुळे दुर्मीळ मापांत जुना साठा पुढे केला जातो. बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. गुदामात चार-पाच वर्षं पडलेलं मऊ रबर नखाला कडक लागतं आणि ट्रॅकवर लवकर कच्च्या वड्यांसारखं तुटतं.

आणि ट्रॅकवरून निघताना, टायर पूर्ण निवल्यावर, सकाळी काढलेली हवा परत भरावी. २७.५ पीएसआयवर सामान आणि चार माणसं घेऊन महामार्गाला लागलं, तर फुटते ती भिंत.