वैद्यकीय हेळसांड, बालपणातील

मुलाला उपचारांची गरज आहे हे दिसत असताना आणि ते उपचार आवाक्यात असताना, आई-वडिलांनी किंवा सांभाळ करणाऱ्यांनी ते न देणे, अर्धवट सोडणे अथवा धोका निर्माण होईल इतके लांबवणे, याला वैद्यकीय हेळसांड म्हणतात. यातला ‘आवाक्यात’ हा शब्द कळीचा आहे. तालुक्याच्या दवाखान्यात जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि तिथे आजार नीट समजावूनही सांगितला जात नाही, अशा घरातल्या मुलाचे उपचार राहिले तर दोष पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ साली दिलेल्या मार्गदर्शनातही उपचार उपलब्ध असणे आणि पालकांना वैद्यकीय सल्ला समजलेला असणे, या दोन्ही गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत.

हेळसांड बहुधा क्रूरपणाच्या रूपात येत नाही. ‘मोठा झाला की आपोआप सुटेल’ या वाक्याच्या आडून ती येते. मुलाचा कान वाहतो, त्यात कोमट तेल सोडून कापसाचा बोळा घातला जातो. दुखणे थांबते, पण पडद्याचे छिद्र तसेच राहते. वर्गात ते मूल चांगला कान बाईंकडे वळवून बसू लागते आणि घरात मात्र त्याला ‘लक्ष नसते’ म्हणून बोलणी बसतात. प्रौढपणी शस्त्रक्रियेने पडदा बसवता येतो. त्या वर्षांत हुकलेले शिक्षण मात्र भरून येत नाही. डोळ्यांचेही तसेच आहे: आळशी डोळ्याचे, म्हणजे लहानपणी एका डोळ्याची नजर नीट न वाढण्याचे, उपचार साधारण सात-आठ वर्षांच्या वयाआधी सर्वांत परिणामकारक ठरतात, पुढे त्यांचा उपयोग कमी होत जातो.

सर्वांत बोलके उदाहरण संधिवाताच्या तापाचे आहे. घशाच्या जंतुसंसर्गानंतर हा ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. तो उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. पण ठणका थांबला, मूल खेळू लागले, की अनेक घरांत ते बंद होते. ते मूल मुलगी असेल तर पुढे पहिल्या गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते, अरुंद झालेल्या झडपेला तो भार पेलत नाही आणि जिना चढताना धाप लागते. अशा वेळी डॉक्टर विचारतात, ‘लहानपणी सांधे धरायचे का?’ उत्तर तिच्या आईला ठाऊक असते.

मनावरचे परिणाम मोजणे अवघड आहे. आपल्या दुखण्याला किंमत नाही हे लहानपणीच शिकलेली माणसे पुढेही दुखणे अंगावर काढतात आणि दवाखाना टाळतात. वडीलधाऱ्यांबद्दलचे प्रेम आणि राग एकाच वेळी मनात असणे यात वावगे काही नाही.

पालकांची ही जबाबदारी कायद्याने मान्य केल्याला दीड शतक उलटून गेले आहे. प्रार्थनेवरच विसंबणाऱ्या एका पंथातील पालक मुलाच्या मृत्यूच्या खटल्यात निर्दोष सुटल्यावर, इंग्लंडच्या संसदेने १८६८ साली वैद्यकीय मदत जाणूनबुजून न देणे हा गुन्हा ठरवला. भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाला अनावश्यक त्रास होईल अशा रीतीने जाणूनबुजून दुर्लक्ष केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मात्र परिणाम उघड होतात तेव्हा मूल मूल राहिलेले नसते. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यांची कोर्टाने दखल घेण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांचीच आहे. दिवाणी दाव्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीला मुदतीत सवलत मिळते, पण तीही सज्ञान झाल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत. झडपेचा आजार तिशीत कळला तर कोर्टात जाण्याची वाट बहुधा बंद झालेली असते. याउलट, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ त्याच मुलावर वृद्ध पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकतो, आणि पालकांनी बालपणी केलेल्या हेळसांडीचा अपवाद त्यात नाही.