इंग्रजीत बोलताना ततपप का होतं, आणि त्यावर काय करायचं

मराठी माध्यमात शिकून आज बीकेसी, लोअर परळ किंवा अंधेरीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या अनेकांची तक्रार एकच असते: ईमेल नीट लिहिता येतात, समोरच्याचं सगळं कळतं, पण दहा माणसांपुढे उभं राहिलं की येत असलेले शब्दही पळतात. मग व्याकरणाचं आणखी एक पुस्तक घरी येतं. आमच्या मते तो खर्च बहुधा वाया जातो, कारण अडचण मेंदूतल्या एका लहानशा जागेत झालेल्या गर्दीची असते.

त्या जागेला वर्किंग मेमरी म्हणतात. हातातल्या कामापुरती माहिती ती काही सेकंद धरून ठेवते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तिच्यात एका वेळी साधारण चार गोष्टी मावतात. चाळीतल्या खोलीचा ओटा डोळ्यांपुढे आणा, चार भांडी ठेवली की पाचव्याला जागा नाही. मराठीत बोलताना ओट्यावर फक्त मुद्दा असतो. शब्द, व्याकरण, उच्चार आपसूक येतात. इंग्रजीत तेही सगळे ओट्यावर चढतात. मनात मराठी वाक्य जुळवून भाषांतर करत असाल तर हाल आणखी वाढतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. ‘गेल्या महिन्यात भिवंडीच्या गोदामातून आलेला माल आम्ही परत पाठवला’ हे सांगताना शेवटचं ‘पाठवला’ आधी उचलावं लागतं आणि मधलं सगळं तोवर हातात धरून ठेवावं लागतं.

त्यात भीतीची भर. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात तयार झालेली, 1993 मध्ये प्रसिद्ध झालेली ताणाची एक चाचणी संशोधक आजही वापरतात. तिच्यात माणसाला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायला आणि मग तोंडी वजाबाकी करायला लावतात. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं. ताण चढला की कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाचं काम मंदावतं, आणि वर्किंग मेमरी याच भागाच्या जोरावर चालते. म्हणजे गर्दी वाढते तेव्हाच ओटा आखडतो.

तयारी: चार-तीन-दोन

सगळं भाषण घोकू नका. पाठ केलेला मजकूर साखळीसारखा असतो, एक कडी निसटली की पुढचं काही आठवत नाही. शब्दशः पाठ करायची ती फक्त पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन. धडधड सर्वांत जास्त असते ती सुरुवातीलाच. मधल्या भागासाठी एका कागदावर पाच मुद्दे, प्रत्येकी तीन-चार शब्द, आणि तेही इंग्रजीतच लिहा.

मग एकच विषय तीन वेगवेगळ्या माणसांना सांगा: पहिल्याला 4 मिनिटांत, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 2. दुसऱ्या फेरीपर्यंत मुद्दे ठरलेले असतात, त्यामुळे लक्ष वाक्यरचनेला मिळतं. तिसऱ्या फेरीत भाषांतराला वेळच उरत नाही आणि तयार वाक्यं थेट बाहेर पडू लागतात. यात लोक हमखास दोन चुका करतात. एक, वेळ कमी झाली की मुद्देच गाळतात. मग सराव होतो तो गाळण्याचा. दुसरी चूक जास्त महाग पडते: पहिल्या फेरीतलं चुकीचं वाक्य तिन्ही फेऱ्यांत तसंच येतं आणि पक्कं बसतं. म्हणून पहिली फेरी फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, दोनच चुका निवडून सुधारा आणि मग पुढे जा. दहा चुका एकदम सुधारायला गेलात तर ओटा पुन्हा भरला.

कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी सुरू करा. दहाव्या, आठव्या, पाचव्या आणि दुसऱ्या दिवशी एकेक सत्र पुरतं. मधल्या अंतरात थोडं विसरलं जातं आणि ते पुन्हा आठवण्याच्या कष्टातूनच स्मरण घट्ट होतं. लोकलमध्ये कागद वाचत बसण्यापेक्षा तो खिशात ठेवून मुद्दे आठवून पाहा. आदल्या रात्री जागू नका, दिवसभराचा सराव झोपेत मुरतो.

आकडे

इथे चांगले चांगले अडखळतात, म्हणून थोडं सविस्तर. पाढे ज्या भाषेत पाठ केले, बहुधा त्याच भाषेत मन पुढेही हिशेब करतं. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी, वीस नंतर, इंग्रजीत उलट. ‘एकोणपन्नास’ म्हणताना मनात पन्नास येतात, इंग्रजीत मात्र फॉर्टीपासून सुरुवात करायची असते. शिवाय परदेशी ग्राहक असेल तर कोटीचे मिलियन करा. 1 मिलियन म्हणजे 10 लाख. साडेतीन कोटी म्हणजे 35 मिलियन. हे गणित उभ्या-उभ्या करू नका. प्रत्येक आकडा टिपणात इंग्रजी अक्षरांत लिहा आणि मोठ्याने दहा वेळा म्हणा. 48.7 टक्क्यांऐवजी ‘निअरली हाफ’ चालत असेल तर तेच म्हणा.

त्या दिवशी

दादरचा पूल चढून घामाघूम होऊन थेट मीटिंगमध्ये शिरू नका, वीस मिनिटं आधी पोहोचा. 4 सेकंद श्वास आत, 6 सेकंद बाहेर, असं तीन ते पाच मिनिटं करा. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या नसेमुळे, हृदयाची गती उतरते. जोरजोरात खोल श्वास घेतल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते, म्हणून श्वास हळूच घ्या. ताणात लाळ कमी होऊन तोंडाला कोरड पडते. पाणी जवळ ठेवा. ‘शांत हो’ असं स्वतःला बजावू नका. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत ‘मी उत्सुक आहे’ असं म्हणणाऱ्यांचं भाषण ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरलं.

प्रश्न आला की आधी तो आपल्या शब्दांत परत सांगा: ‘सो युवर क्वेश्चन इज अबाउट द डिलिव्हरी डेट.’ तीन-चार सेकंद मिळतात आणि प्रश्न चुकीचा ऐकला असेल तर तेही कळतं. एखादा शब्द जिभेवर येऊन अडला तर त्याच्याशी झटू नका. वस्तूचं वर्णन करून पुढे सरका.

उच्चाराला मराठी वळण असल्याची लाज बाळगू नका. त्यापेक्षा शब्दातला आघात योग्य अक्षरावर पडू द्या (‘डिव्हेलप’मध्ये तो ‘व्हे’वर आहे) आणि वाक्य संपल्यावर थांबा.

आमच्या वर्गाच्या पहिल्या तासाला येताना तुमच्याच कामावरचं दोन मिनिटांचं, न सुधारलेलं रेकॉर्डिंग, पाच मुद्द्यांचा कागद आणि नेहमी लागणाऱ्या दहा आकड्यांची यादी आणा. गट सहा जणांचाच असतो, म्हणजे तिन्ही फेऱ्यांना प्रत्येकाला नवा श्रोता मिळतो.