रेरा नंबर आहे म्हणजे अख्खी टाऊनशिप पक्की?

घोडबंदर, डोंबिवली, विरारकडे टाऊनशिपमध्ये घर बघणाऱ्यांना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "महारेरा नंबर आहे ना, मग काळजी कसली? शाळा, क्लबहाऊस सगळं होणारच." हा नंबर म्हणजे महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, झालेल्या नोंदणीचा क्रमांक. पण वरचं वाक्य अर्धसत्य आहे.

2016च्या रेरा कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प धरला जातो आणि त्याची नोंदणीही वेगळी होते. त्यामुळे तुमच्या टॉवरचा नंबर बहुतेक वेळा त्या टॉवरपुरताच असतो. सेल्स ऑफिसातल्या काचेखालच्या मॉडेलमधलं तळं चौथ्या टप्प्यात असेल आणि त्या टप्प्याची नोंदणीच झाली नसेल, तर ते सध्या फक्त निळं प्लास्टिक.

महारेराच्या वेबसाइटवर नंबर टाका. ताब्याची तारीख सगळेच बघतात. त्याच पानावरची सामायिक सुविधांची यादी मात्र क्वचितच कोणी उघडतं. दोन टाऊनशिपची खरी तुलना तिथे होते. हवी ती सुविधा त्यात नसेल, तर ती करारात तारखेसह लिहून मागा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, तेव्हा घासाघीस करायची ती याच काळात.

माहितीपत्रक मात्र फेकू नका. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले असतील, तर रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार भरपाई मागता येते, किंवा घर सोडून व्याजासह पैसे परत. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफसुद्धा जपून ठेवा.