पत्र्याखालची बॅटरी

समुद्राजवळच्या घरातली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी कधी नीट बघा. तिला कुणी साधा लोखंडी स्क्रू मारला असेल, तर काही पावसाळ्यांत त्याभोवती पांढरी भुकटी जमते आणि चौकट नेमकी तिथेच पोखरली जाते. हाच रोग जगातल्या अत्यंत महागड्या जुन्या गाड्यांपैकी एकीलाही जडलेला आहे. अल्फा रोमिओ ८सी २९००बी. तिच्या एका उघड्या, म्हणजे स्पायडर मॉडेलला २०१६ साली लिलावात १ कोटी ९८ लाख डॉलर मिळाले होते.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस मिलानमध्ये तयार झालेल्या या गाड्यांची संख्या जेमतेम तिशीच्या आसपास. इंजिन व्हित्तोरिओ यानो यांचं: एका रांगेत आठ सिलिंडर, २९०५ सीसी, इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन सुपरचार्जर, १८० अश्वशक्ती. १९३८ साली क्लेमेंते बिओंदेत्ती आणि आल्दो स्तेफानी यांनी तिच्यावर मिल्ले मिलिया ही इटलीच्या रस्त्यांवरची सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत जिंकली. युद्धानंतर, १९४७ साली, बिओंदेत्ती याच जातीच्या गाडीत पुन्हा जिंकले, तेही सुपरचार्जर काढून टाकलेल्या.

पण आपल्याला इंजिनापेक्षा अंगावरच्या पत्र्याशी काम आहे.

यातल्या बहुतेक गाड्यांची बॉडी कारोत्सेरिया तूरिंग या मिलानच्याच कारखान्याची. हा कारखाना आधी लाकडी सांगाड्यावर कापड ताणून गाड्या बनवायचा, त्या काळच्या विमानांसारख्या. पुढे लाकडाच्या जागी पोलादाच्या बारीक नळ्या आल्या, कापडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. नाव दिलं ‘सुपरलेज्जेरा’, म्हणजे अतिहलकी. हिशोब सोपा होता. एक घनसेंटिमीटर पोलाद ७.८ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७. आकार पत्र्याने द्यायचा, भार नळ्यांनी सोसायचा.

गोम इथेच आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली, की बॅटरी तयार होते. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडायला लोखंडापेक्षा जास्त उतावीळ. त्यामुळे जोडीत झिजतं ते. एरवी त्याच्यावर ऑक्साइडचं अतिशय पातळ कवच असतं आणि ते त्याला सांभाळतं, पण मिठातला क्लोराइड ते कवच फोडतो. कारागिरांना याची कल्पना होती. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये ते कापडाचा थर घालत, घासण्याचा आवाजही त्याने थांबे. पण कापडच ते! पाणी शोषून धरतं. काही दशकांनी संरक्षक थरच ओल्या पोतेऱ्यासारखा वागू लागतो. पत्रा आतून खाल्ला जातो, गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि बाहेर रंगाला फोड येतात. फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं होऊन गेलेलं असतं.

मग दुरुस्ती. सडलेला तुकडा कापायचा, नवा जोडायचा. नव्या पत्र्याला गोलाई द्यायला ठोकावं लागतं आणि ठोकलं की धातू कडक होतो, कारण त्याच्या स्फटिकांमधले दोष एकमेकांत अडकतात. हे आपल्याकडच्या तांबटाला कुणी शिकवावं लागत नाही. भांडं हट्टाला पेटलं की ते तो पुन्हा भट्टीत घालतो. पण ॲल्युमिनियम तापवणं फसवं आहे. ते वितळण्याआधी लाल होत नाही. ६६० अंशांना कुठलीही सूचना न देता पाणी होतं. त्यावर कारागिरांची जुनी युक्ती भन्नाट आहे: ॲसिटिलीनच्या पिवळ्या, धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरायची, मग ऑक्सिजन वाढवून तापवायचं. काजळी उडून गेली की पत्रा हवा तेवढा मऊ झाला. थर्मामीटर नको की काही नको.

जोडकाम त्याहून अवघड. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरचं ऑक्साइड २००० अंशांच्याही वर. म्हणजे आत पाणी, वर न वितळलेली साय. ती फोडायला पूर्वी फ्लक्स, म्हणजे ऑक्साइड विरघळवणारं रसायन वापरत. आता टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे विजेच्या ठिणगीने जोडताना, उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह ते काम करतो. शेवटी नळ्यांना इपॉक्सीचा लेप आणि मध्ये पाणी न पिणारा थर.

इतकं केल्यावर प्रश्न उरतोच: यात १९३८ सालचं किती राहिलं? फ्रेड सिमिओन या मेंदूच्या शल्यविशारदाने जुन्या गाड्या जमवल्या. मूळ पृष्ठभाग हाच इतिहासाचा पुरावा आहे, तो घासून काढू नका, असं ते सांगत. मला ते पटतं. पण पत्रा आतून खात सुटलेली बॅटरी पुरावा बिरावा जाणत नाही, आणि अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात २०१८ साली पहिला मान मिळाला तो लखलखीत ८सी २९००बीलाच. बिओंदेत्तींची १९३८ची विजेती गाडी मात्र फिलाडेल्फियात सिमिओन यांच्या संग्रहालयात आहे. तिथे ठरावीक शनिवारी यातल्या काही गाड्या मागच्या अंगणात काढतात आणि लोकांसमोर चालवतात.