परग्रहावरचा प्रियकर: एका लोकप्रिय कादंबरीमागचा इतिहास

‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ 2021 मध्ये वाचकांच्या छोट्या व्हिडिओंमुळे गाजली आणि त्याच वर्षी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने छापली. परग्रहवासीयांनी पृथ्वीवरून पळवलेल्या आणि बर्फाळ ग्रहावर अडकलेल्या मुलींची, तिथल्या रहिवाशांशी जुळणाऱ्या प्रेमाची ही गोष्ट. कादंबरी मात्र 2015 ची. लेखिकेने स्वतःच ई-पुस्तक म्हणून, हप्त्याहप्त्याने काढलेली. ते वर्ष महत्त्वाचे आहे. मासिक वर्गणीत हवी तितकी ई-पुस्तके वाचण्याची ॲमेझॉनची योजना जुलै 2014 मध्ये सुरू झाली होती आणि पहिले वर्षभर वाचकाने दहा टक्के मजकूर ओलांडला की लेखकाला ठरावीक वाटा मिळे, पुस्तक कितीही लहान असो. साहजिकच आखूड भाग परवडत. जुलै 2015 पासून वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागले आणि हे गणित बदलले.

कादंबरीचा वेग त्याच काळातला. दर थोड्या पानांनी नवे संकट, त्यामुळे पुस्तक हातातून सुटत नाही. नायिकेबरोबर पळवून आणलेल्या इतर मुली मात्र पुसट राहतात. त्यांच्या वाट्याला पुढचे स्वतंत्र भाग येणार असतात, हे एव्हाना सर्वांना माहीत आहे.

खरा वाद ‘खुई’चा. त्या बर्फाळ ग्रहाच्या हवेत जगायचे तर हा जीव शरीरात घ्यावाच लागतो, नाहीतर थोड्याच दिवसांत मरण. पण योग्य जोडीदार समोर आला की खुई छातीत गुंजू लागते आणि मूल होईपर्यंत स्वस्थ बसू देत नाही. चाहते म्हणतात, यामुळे प्रियकराच्या निष्ठेबद्दल शंकाच उरत नाही, वाचक निर्धास्त होतो. हे खरे आहे. पण ‘घे, नाहीतर मर’ या अटीवर दिलेल्या होकाराला होकार म्हणायचे का? नायिका आणि तिच्या सोबतिणी यावर बोलतात, निर्णयही घेतात. कादंबरीतली ही सर्वांत कसदार पाने. नंतर कथानकाला घाई होते आणि प्रश्न शृंगाराखाली दबतो. लेखिकेने तो इतक्या स्वस्तात सोडवायला नको होता.

जुन्या विज्ञानकथेने असा दिलासा दिला नव्हता. 1912 मध्ये मासिकातून आलेल्या मंगळकथेतली राजकन्या अंडी घालते, तरी प्रेम निर्वेध चालते. तिथे जीवशास्त्र केवळ शोभेला. 1952 मधल्या एका दीर्घकथेत नायिका स्त्रीचे रूप घेणाऱ्या कीटकसदृश जातीची असते आणि गर्भधारणा तिच्या जिवावर उठते. दोन नामवंत संपादकांनी ती नाकारली, तिसऱ्याने छापली आणि पुढच्याच वर्षी लेखकाला होतकरू नवोदिताचा पुरस्कार मिळाला. तिचा शेवट शोकात्म आहे. प्रेमकादंबरीच्या वाचकाला तो चालत नाही. सुखान्त हवा म्हटल्यावर जीवशास्त्रालाच मध्यस्थ करणे ओघाने आले.

मालिकेने पुढे विशी ओलांडली आणि गुंजन ठरल्या वेळी येऊ लागले. तिसऱ्या भागात मात्र नायिका आपल्याला मूल होणार नाही असे समजून असते. खुई गप्प असते, तरी नायक तिच्या मागेपुढे करत राहतो. पहिल्या भागात जे अनुनयाचे प्रसंग कमी पडतात, ते इथे सापडतात.