तारीख हलली की शरीराचं काय होतं?

खेळाडूचं कॅलेंडर उलटं चालतं. आधी स्पर्धेची तारीख ठरते, मग तिथून मागे मागे मोजत आज किती धावायचं, किती वजन उचलायचं, किती वाजता झोपायचं हे ठरतं. 24 मार्च 2020 रोजी कोरोनाच्या साथीमुळे टोकियो ऑलिम्पिक पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, तेव्हा उद्घाटनाला बरोबर चार महिने उरले होते. महायुद्धांमुळे 1916, 1940 आणि 1944 ची ऑलिम्पिक रद्द झाली होती, पण पुढे ढकलण्याची वेळ आधुनिक ऑलिम्पिकवर पहिल्यांदाच आली होती. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, ‘बरं झालं, तयारीला आणखी एक वर्ष मिळालं.’ मला हे वाक्य खटकतं. परीक्षा लांबली तर वाचलेलं वहीत राहतं. कमावलेला फॉर्म असा कुठेही ठेवून देता येत नाही.

सरावाला टप्पे असतात. सुरुवातीला मध्यम जोराचा पण भरपूर सराव, मग हळूहळू जोर वाढवत नेमक्या स्पर्धेसारखा सराव, आणि शेवटचे साधारण दोन आठवडे ‘टेपर’. टेपरमध्ये सरावाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणतात, पण जोर तसाच ठेवतात. महिनोन्‌महिन्यांच्या कष्टांनी ताकद वाढलेली असते, पण तिच्यावर थकव्याचा थर बसलेला असतो. सराव कमी केला की थकवा झपाट्यानं उतरतो, ताकद मात्र सावकाश उतरते. या दोन वेगांमधल्या फरकातून कामगिरी दोन-तीन टक्क्यांनी उजळते. दहा सेकंदांच्या शर्यतीत दोन टक्के म्हणजे दोन दशांश सेकंद, आणि तेवढ्यात सुवर्णपदक विजेत्याचा आठवा क्रमांक होऊ शकतो. हे शिखर फार काळ टिकत नाही. तारीख वर्षभर पुढे गेली तर पायथ्यापर्यंत खाली उतरून पुन्हा चढावं लागतं.

तेव्हा तर मैदानं, जिम, तरणतलाव सगळंच बंद होतं. सराव थांबला की सर्वांत आधी रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटतं, तेही काही दिवसांतच. मग हृदय एका ठोक्यात आधीइतकं रक्त ढकलू शकत नाही आणि दम लवकर लागतो. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कसलेल्या सात खेळाडूंनी सराव पूर्ण बंद केला होता. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे 7 टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सुमारे 16 टक्क्यांनी खाली आली. स्नायूंची ताकद त्या मानानं चिवट, ती तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते.

दिलासा देणारा भाग व्यायामाचे अभ्यासक रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या दशकातल्या प्रयोगांत आहे. त्यांनी आधी काही जणांकडून आठवड्याला सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला आणि नंतर तो कमी केला. सहाऐवजी दोनच दिवस व्यायाम केला, तरी कमाल क्षमता 15 आठवडे टिकली. रोजची मिनिटं घटवली, तरीही टिकली. पण व्यायामाचा जोर कमी केल्यावर ती घसरली. म्हणजे घरात अडकलेल्या खेळाडूनं रोज तासन्‌तास हलका व्यायाम करण्यापेक्षा मोजक्याच वेळी, पण धाप लागेल असा व्यायाम करणं शहाणपणाचं. मला हे ज्ञान फार मोलाचं वाटतं, कारण ‘आपलं सगळं हातातून गेलं’ या भीतीला त्यात आकड्यांचं उत्तर आहे.

मनाचं गणित याहून अवघड. लहानपणापासून खेळत आलेल्या माणसाची ‘मी कोण?’ या प्रश्नाची जवळपास सगळी उत्तरं खेळातच असतात. क्रीडा मानसशास्त्रात याला ‘खेळाडू म्हणून असलेली ओळख’ म्हणतात. ती जितकी घट्ट, तितकी माणसाची जिद्द मोठी, पण खेळ थांबला तर पोकळीही तितकीच मोठी. ऑलिम्पिक पुढे गेल्याची बातमी कळली तेव्हा जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स रडली होती, हे तिनं स्वतः सांगितलं आहे. त्या रडण्यात मला कमकुवतपणा दिसत नाही. जे गेलं त्याचं दुःख करणं ही सावरण्याची पहिली पायरी आहे, आणि ती ओलांडून लगेच ‘सकारात्मक राहा’ म्हणणारा प्रशिक्षक खेळाडूला एकटं पाडतो.

ताणाचा अभ्यास करणारे सावरण्याच्या दोन वाटा सांगतात. जे बदलता येतं ते बदलायचं, आणि जे येत नाही त्याबद्दलच्या भावना हाताळायच्या. तारीख खेळाडूच्या हातात नसते. तिच्यावर डोकं आपटून शक्ती वाया जाते, आणि सर्वांत जास्त पोखरते ती तारीखच नसण्याची अवस्था. टोकियोची नवी तारीख सहा दिवसांत, 30 मार्चला जाहीर झाली. मला वाटतं, तो निर्णय स्थगितीइतकाच महत्त्वाचा होता, कारण उलट मोजणीला पुन्हा आधार मिळाला.

त्या मधल्या वर्षात काहींनी स्वतःच छोट्या तारखा निर्माण केल्या. 3 मे 2020 रोजी आर्मंड डुप्लांटिस, रेनो लाव्हिलेनी आणि सॅम केंड्रिक्स या पोल व्हॉल्टपटूंनी आपापल्या अंगणातून ऑनलाइन स्पर्धा खेळली. अर्ध्या तासात पाच मीटरची उडी जास्तीत जास्त वेळा मारायची होती. डुप्लांटिस आणि लाव्हिलेनी 36 उड्यांवर बरोबरीत राहिले. काहींनी वेळ दुरुस्तीला दिला. खांद्याच्या त्रासानं हैराण झालेली मीराबाई चानू उपचारांसाठी अमेरिकेला गेली आणि 24 जुलै 2021 रोजी तिनं एकूण 202 किलो उचलून रौप्यपदक मिळवलं.

पण एक वर्ष सगळ्यांना सारखं नसतं. पुरुष फुटबॉलमधली 23 वर्षांची मर्यादा एका वर्षानं वाढवावी लागली, नाहीतर पात्रता मिळवून दिलेले खेळाडूच बाद झाले असते. 2020 मध्ये किमान वयाच्या अटीत न बसणारी रशियाची व्हिक्टोरिया लिस्तुनोवा 2021 मध्ये सांघिक जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण घेऊन गेली. जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना वर्षभर वाट पाहत थांबली आणि 46 व्या वर्षी टोकियोत उतरली. दोनदा ऑलिम्पिक जिंकलेला बॅडमिंटनपटू लिन डान मात्र तेवढं थांबू शकला नाही. आता वेदना आणि शरीर संघासोबत लढू देत नाहीत, असं सांगून जुलै 2020 मध्ये, 36 व्या वर्षी, त्यानं रॅकेट खाली ठेवली.