लिनक्स टाकण्याआधी ग्राफिक्स कार्ड बघून घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून सांगली, मिरज, तासगावकडचे बरेच ग्राहक चालता पीसी घेऊन येतात: "मशीन ठणठणीत आहे, लिनक्स टाकून द्या." लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. आम्ही ती टाकून देतो. पण आधी कॅबिनेट उघडून कार्डाचं नाव वाचतो.

कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. तो ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना कोड खुला असलेला, असेल तर बहुधा लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच, असतो. पुढे कर्नलची आतली रचना कुणी बदलली, तर ड्रायव्हर त्या बदलाशी जुळवून देणं हे बदलणाऱ्याचंच काम. म्हणून कंपनीनं कार्ड विकणं थांबवलं तरी ते चालत राहतं. बंद ड्रायव्हर फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते. तिनं जुनी सिरीज यादीतून काढली, की एखाद्या कर्नल अपडेटनंतर काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर, एवढंच हाती राहतं.

इंटेलचं ऑनबोर्ड ग्राफिक्स असेल तर निर्धास्त राहा. एएमडीनं २००७ मध्येच चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. २०१५ पासून कर्नलमध्ये असलेला तिचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर आरएक्स ५८० सारखं २०१७चं कार्डही नीट चालवतो.

एनव्हिडियाचं जरा समजून घ्या. मे २०२२ मध्ये तिनं ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण ट्युरिंगपासून पुढच्या, म्हणजे जीटीएक्स १६, आरटीएक्स २० आणि नंतरच्या कार्डांसाठीच. या कार्डांत जीएसपी नावाचा वेगळा प्रोसेसर असतो. पूर्वी ड्रायव्हर करायचा त्यातलं बरंच काम त्यावरचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर, करतं, आणि ते बंदच आहे. आमच्या मते म्हणूनच बाकीचं उघडणं कंपनीला परवडलं. काही असो, ग्राहकाचा त्यात फायदाच झाला.

खरी अडचण जीटीएक्स ९०० आणि १० सिरीजची. ही कार्डं कंपनीची डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर मानतात, त्यामुळे स्वयंसेवकांनी बनवलेल्या नूव्हो ड्रायव्हरला त्यांचा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, वाढवता येत नाही. नूव्होवर जीटीएक्स १०६० असेल तर ब्राउझर, हिशेबाची शीट चालेल. ब्लेंडरचं काम होणार नाही. कंपनीच्या स्वतःच्या बंद ड्रायव्हरची ५८० क्रमांकाची आवृत्ती-शाखा ही या कार्डांसाठी शेवटची. सेकंडहँडमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी लिनक्ससाठी हे कार्ड घेऊ नका.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकावाल्यांनो, तुमचं काम कोरल आणि श्रीलिपी या विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. तिथे विंडोज ११च बरं.

मशीन आणताना डेटाचा बॅकअप घेऊन या. कार्डाचं बिल किंवा खोकं असेल तर तेही आणा.